वगळलेली तीन पाकिटं

दहापैकी तीन आकडे वाकडे निघाले, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर कंपासपेटीतलं खोडरबर शोधलं.

अत्तार सर समोरच्या टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मान वर न करता वर्गातलं सगळं बघायची विद्या त्यांच्याकडे होती. "काय शोधतेस, पद्मजा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"मग तो कागद इकडे आण."

कागदावर दोन रकाने होते. डावीकडे एका कंपनीच्या मक्याच्या पोह्यांची दहा पाकिटं. सकाळी दुधात घालून खातात ना, ते कुरकुरीत पोहे. उजवीकडे माझ्या आत्तीच्या गटानं केलेल्या नाचणीच्या पोह्यांची दहा. प्रत्येक पाकिटासमोर, शंभर ग्रॅम पोह्यांत किती ग्रॅम साखर निघाली तो आकडा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून दुपारीच आलेला. डावा रकाना मुकाट्यानं आठाच्या आसपास बसला होता. उजव्या रकान्यातली सात पाकिटं दोनाच्या आसपास होती आणि ती बघून मला उड्या माराव्याशा वाटल्या होत्या. उरलेल्या तिनांत चौदा, पंधरा आणि साडेतेरा.

प्रयोगशाळेत काहीतरी गडबड झाली असणार, असं मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, एकाच दिवशी एकाच माणसानं वीस पाकिटं तपासली, त्यातली सतरा बरोबर आणि नेमकी तीन चुकली, तीही तुझ्याच बाजूची? मग त्यांनी लाल पेन टोपणात घातलं. त्यांनी पेन टोपणात घातलं की समजायचं, आता ऐकावं लागणार.

"आकडा आवडला नाही म्हणून टाकता येत नाही," ते म्हणाले. "टाकायचाच असेल तर आधी त्याला भेटून ये. कुठून आला, कुणाच्या हातचा, विचार त्याला. मग ठरव."

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट. मी जयसिंगपूरला बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय संख्याशास्त्र. आमच्या गावात शाळा दहावीपर्यंतच, म्हणून पंधराव्या वर्षापासून मी चंपाआत्तीकडे राहायला होते. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला आत्तीच म्हणतात. यजमान गेल्यावर तिनं आठ बायका जमवल्या, पत्र्याच्या एका शेडमध्ये पोहे करायचं यंत्र बसवलं आणि नाचणी भिजवून, वाफवून, लोखंडी रुळांमधून चपटी काढून, भाजून विकायला सुरुवात केली. माल उत्तम होता. खपत मात्र नव्हता. आठवड्यातले तीन दिवस यंत्र झाकून ठेवावं लागायचं. दोघी जणी आदल्या महिन्यातच पुन्हा उसाच्या भांगलणीला जायला लागल्या होत्या, आणि उरलेल्यांचं मनही तिकडेच ओढत होतं. उन्हातान्हात वाकून तण काढण्यातून ज्या बायकांना आत्तीनं बाहेर काढलं, त्या तिच्या डोळ्यांदेखत परत निघाल्या होत्या. ती बोलून दाखवायची नाही. शेड मात्र रोज एकदा जास्त झाडायची.

अशात डॉक्टर उपाध्ये आले. हे दातांचे डॉक्टर. एका संस्थेच्या चौदा बालवाड्यांमधल्या पोरांचे दात तपासायला ते दर वर्षी जायचे. ऊस खाऊन दात पक्के होतात असं मानणारा आमचा मुलूख. तिथं तीन-चार वर्षांच्या पोरांचे पुढचे दात काळे पडलेले बघून हा माणूस खरोखर कासावीस व्हायचा. बालवाड्यांत सकाळच्या खाऊला कंपनीचे पोहे दिले जात. ते बंद करून कमी साखरेचं काहीतरी द्यावं, असं त्यांनी संस्थेच्या गळी उतरवलं होतं. आत्तीच्या नाचणीबद्दल त्यांनी ऐकलं होतं. पण नुसतं कमी आहे म्हणू नका, मोजून दाखवा, असं त्यांचं म्हणणं. खरंच फरक निघाला तर जूनपासून चौदाही बालवाड्यांचे पोहे आत्तीकडून. म्हणजे यंत्र रोज चालणार, आणि भांगलणीला गेलेल्या दोघीही परत येणार.

मोजायचं काम डॉक्टरांनी अत्तार सरांकडे आणलं आणि सरांनी ते प्रकल्प म्हणून माझ्या गळ्यात घातलं. चंपाताई माझी आत्ती, हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, असं मी मनाला बजावलं होतं.

अशा चाचणीची एक रीत असते. आधी कागदावर लिहायचं की दोन्हींत काही फरक नाही. तसंच धरून चालायचं. मग आकडे इतक्या ठामपणे उलट बोलले, की फरक नाही हे धरून ठेवणंच अशक्य झालं, तरच फरक आहे म्हणायचं. आकडे जितके एकमेकांना धरून असतील तितकं त्यांचं बोलणं ठाम. माझ्या उजव्या रकान्यातले सात जण एक बोलत होते आणि तिघं भलतंच. दहाही घेऊन हिशेब केला तर आत्तीची सरासरी पावणेसहा येत होती, कंपनीच्या आठापेक्षा कमीच. पण त्या तिघांनी असा गोंधळ घातला होता की चाचणीचं उत्तर सव्वा आलं. हवं होतं सव्वादोनच्या वर. म्हणजे फरक आहे असं म्हणता येत नाही. तिघांना बाहेर काढून सातांवर हिशेब केला, तर उत्तर पन्नासच्या जवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आकड्यांना भेटायला निघाले. प्रत्येक पाकिटावर मी तारीख आणि कितवा घाणा ते लिहून ठेवलं होतं, इतपत शहाणपण होतं मला. गट दिवसातून तीन घाणे काढायचा. वाकडी तीन पाकिटं वेगवेगळ्या दिवसांची होती, पण तिन्ही पहिल्या घाण्याची.

शेडमध्ये पोहोचले तेव्हा पहिलाच घाणा चालू होता. वाफवलेली नाचणी परातीत पसरली होती. राजाक्का, म्हणजे आत्तीचा उजवा हात, यंत्राचे रूळ फडक्यानं पुसत होती. आणि आत्ती एका पातेल्यातलं काळपट पाणी ओंजळीनं नाचणीवर शिंपडत होती. मी वाकून वास घेतला. गुळाचं पाणी होतं, आणि चांगलं दाट.

मी काही विचारायच्या आधीच राजाक्कानं सांगून टाकलं. सकाळी रूळ गार असतात. गार रुळांत नाचणी घातली की पोहे निघत नाहीत, भुगा निघतो. गुळाच्या पाण्यानं ती धरून राहते. दुसऱ्या घाण्यापर्यंत रूळ तापतात, मग काही लागत नाही. पहिल्या दिवसापासून असंच करतात, ही युक्तीही चंपाक्काचीच. सांगताना तिच्या तोंडावर कौतुक होतं. लपवाछपवी कुठंच नव्हती. तव्याला तेल लावावं तितकी ती त्यांना साधी गोष्ट वाटत होती.

"काय बघालीस?" आत्ती म्हणाली. "आमच्या नाचणीची परीक्षा झाली का न्हाई?"

"झाली," मी म्हणाले.

"मग?"

"बघते अजून."

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. आत्ती, हा गूळ म्हणजे साखरच, तो मोजला जातो, म्हटलं असतं तर काम एका वाक्याचं होतं. पण ती आठवडाभर माझ्याकडे बघत होती ते कसं, हे मला माहीत होतं. घरी ताट वाढताना, वेणी घालताना, मधूनच थांबून बघायची आणि विचारायची नाही. या बाईनं मला पाच वर्षं पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं, आणि तिला द्यायला माझ्याकडे त्या एका कागदाखेरीज काही नव्हतं. त्या कागदावर मला तिची हार लिहायची नव्हती. हे आज मी सरळ सांगू शकते. तेव्हा मात्र मी स्वतःला सांगितलं की पहिला घाणा हा वेगळाच माल आहे, त्याची पाकिटं यात धरायलाच नकोत.

बालवाड्यांना जे पोहे जातील त्यातला तिसरा हिस्सा या पहिल्या घाण्याचाच असणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं. मी ते बाजूला ठेवलं.

कॉलेजात गेल्यावर सरांनी विचारलं, भेटलीस का? मी म्हणाले, भेटले. तिन्ही पाकिटं पहिल्या घाण्याची आहेत, तेव्हा यंत्र गार असतं, त्यामुळे माल वेगळा निघतो. यातला एकही शब्द खोटा नव्हता. सर माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, ठीक आहे, वगळायचं तर कारण लिहून वगळ. मग मी अहवालाच्या चौथ्या पानाच्या तळाशी लिहिलं: 'प्रक्रियेतील भिन्नतेमुळे तीन निरीक्षणे विश्लेषणातून वगळली आहेत.' गूळ हा शब्द अख्ख्या अहवालात कुठंही नव्हता. इतकं सोवळं मराठी मी आयुष्यात पुन्हा लिहिलेलं नाही.

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही डॉक्टर उपाध्यांच्या दवाखान्यात गेलो. सरांना परीक्षेचं काम होतं, म्हणून मी आणि आत्ती दोघीच. तिनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. बाहेर बाकावर गाल धरून बसलेल्या दोन पेशंटांना थांबायला सांगून डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं आणि अहवाल उभ्यानंच वाचायला लागले. पहिल्या पानावरच त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी तो आत्तीला मोठ्यानं वाचून दाखवला, तिलाही कळावं म्हणून, सावकाश, कठीण शब्द सोडवून.

"बघा चंपाताई, कंपनीच्या पोह्यांत शंभराला आठ ग्रॅम साखर. तुमच्यात फक्त दोन. कंपनीची दहा पाकिटं तपासली, तुमची सात—"

"धा," आत्ती म्हणाली.

डॉक्टर थांबले. त्यांनी पुन्हा कागद बघितला. "इथं सात लिहिलंय."

"धा दिली हुती मी. माझ्या हातानं भरली." ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात संशय नव्हता, नुसती चौकशी होती, हिशेबातला डबा सापडत नाही तशी. "तीन कुठं गेली गं?"

चौथ्या पानावरचं वाक्य मला तोंडपाठ होतं. ते म्हटलं असतं तर डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला असता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर गूळ हेच होतं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"फुटली," मी म्हणाले. "नेताना फुटली पाकिटं. म्हणून धरली नाहीत."

डॉक्टरांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. सात काय नि दहा काय, फरक इतका स्पष्ट आहे, म्हणाले. संस्थेला ते सोमवारीच कळवणार होते. त्यांनी आत्तीला नमस्कार केला. तिनंही केला. पण ती हसली नाही, आणि मला वाटलं आनंदानं तिला सुचेनासं झालंय.

रस्त्यानं ती माझ्या पुढे चालत राहिली. घरी आल्यावर इरकल बदललं, घडी घातली, आणि पडवीत बसून राहिली. आमचं घर जैनाचं, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. मी भाकरी थापल्या, आमटी गरम केली, ताटं मांडली आणि तिला हाक मारली. ती आली नाही. पुन्हा हाक मारली. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर सरकत गेलं आणि नाहीसं झालं. आता त्या दिवशी ती जेवणार नव्हती. माझं ताटही तसंच राहिलं.

"आत्ती, झालं तरी काय?" मी शेवटी विचारलं. "काम झालं आपलं."

"माझी पाकिटं फुटत न्हाईत," ती म्हणाली.

मला आधी कळेचना. मग कळलं. गटाची पाकिटं बंद करायचं काम ती कुणाला देत नसे. पिशवीचं तोंड हॅकसॉच्या पात्यावर दुमडायचं, मेणबत्तीच्या ज्योतीवरून एका लयीत फिरवून चिकटवायचं, आणि मग त्या वळाच्या वर आणखी एक वळ. दोन दोन वळ. पाच वर्षांत तिचं एक पाकीट उसवून आलेलं नव्हतं. दुकानदार म्हणायचे, चंपाताईंचं पाकीट दातांनी फोडावं लागतं. आणि मी तिच्या तोंडावर, परक्या माणसासमोर, ती फुटली म्हणून सांगून आले होते.

"एक फुटंल. तीन फुटत्यात?" ती म्हणाली. "डॉक्टरला काय वाटलं आसंल? पोरांच्या तोंडात घालायचा माल, आन् पाकीट धड न्हाई. तिथं काय बोलले न्हाई, तुझा मान ऱ्हाऊ दे म्हणून. आता सांग. काय झालं माझ्या पाकिटांचं?"

मग मी सगळं सांगितलं. गूळ पोटात गेला की साखरच, दातांनाही आणि प्रयोगशाळेलाही, इथपासून सुरू करून खोडरबरापर्यंत. तिनं मध्ये एकदाच विचारलं, गुळानंही दात किडतात का? मी हो म्हणाले. गूळ घातलेला तिनं कधी कुणापासून लपवला नव्हता, कुणी विचारलंच नव्हतं. हे तिनं म्हटलं नाही, मीच म्हटलं, तिची बाजू घेऊन. त्यावर ती म्हणाली, "व्हय. पर तू तर इचारलं न्हाईस आन् सांगितलं बी न्हाईस." आणि उठून आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर जायच्या आधी एकटीच डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आली. तिथं काय बोलली ते मला डॉक्टरांकडूनच पुढे कधीतरी कळलं. दार उघडल्या उघडल्या तिनं सांगितलं म्हणे, की पाकिटं फुटली नव्हती. आधी हे, आणि मग गूळ. पाकिटांचं दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी संस्थेला कळवायचं थांबवलं. सोमवारी ते अत्तार सरांकडे आले आणि दार लावून दोघं बराच वेळ बोलले. मग सरांनी मला बोलावलं. मी तयारीनं गेले होते, निदान तसं मला वाटत होतं. सरांनी चौथं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "भेटून आलीस, आणि त्यांचं म्हणणं मात्र आणलं नाहीस." आवाज नेहमीचाच होता. माझा प्रकल्प रद्द झाला आणि मला नवा विषय घ्यावा लागला. चंपाताई माझी कोण, हे त्यांना कळलं होतं की नाही, ते मी त्या दिवशी विचारायचं धाडस केलं नाही.

पुढचं आधी सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. डॉक्टरांनी नवी चाचणी मागितली, या वेळी तीस पाकिटांची. आत्तीनं पहिल्या घाण्यातला गूळ बंद केला. रूळ तापेपर्यंत निघणारा भुगा पाकिटात न भरता बायका घरी आंबील करायला वाटून घ्यायला लागल्या. पाकिटांतली साखर दोनाच्या वर सरकली नाही. पण तोवर जून उलटून गेला होता आणि पाच बालवाड्यांनी कंपनीशी वर्षाचं ठरवूनही टाकलं होतं. नऊ बालवाड्या मिळाल्या, त्याही ऑगस्टपासून. दोघींपैकी एक परत आली. दुसरी उसातच राहिली, आणि रस्त्यात भेटली की मला अजूनही तिच्याकडे नीट बघवत नाही.

पण मला सांगायचाय तो दिवस जूनमधला, ती तीस पाकिटं आली त्याच सकाळचा.

आत्ती स्वतः कॉलेजात आली होती. सरांच्या खोलीत याआधी ती कधी आली नव्हती. दारातच चपला काढून, खांद्यावर पदर घेऊन, पांढऱ्या गोणीत मोजून भरलेली पाकिटं उराशी धरून ती उभी राहिली. सर उठून उभे राहिले. त्यांनी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

मी कोपऱ्यात रजिस्टर घेऊन उभी होते. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. माझा प्रकल्प त्यांनी काढून घेतला होता खरा, पण पाकिटांवर नंबर टाकायचं आणि चिठ्ठ्या उचलून क्रम ठरवायचं काम पुन्हा माझ्याकडेच द्यायचं त्यांच्या मनात होतं. पोरगी एकदा घसरली म्हणून तिला कायमची बाजूला बसवू नये, असं मानणारे ते. त्यांनी माझ्याकडे मान हलवली. मी पुढे झाले आणि गोणीला हात घातला.

आत्तीनं गोणी सोडली नाही.

मला वाटलं, जड आहे म्हणून सावरतेय. मी जरा ओढली. तिनं तशीच धरून ठेवली, आणि माझ्याकडे न बघता सरांशी बोलली.

"दुसरं कुणीतरी द्या, सर."

सर गोंधळले. "पद्मजाला यातलं सगळं येतं, चंपाताई. आणि आता तिच्या हातून—"

"येतंय की. हुशारच हाय ती." तिचा आवाज एकदम खाली आला. मग तिनं माझ्याकडे बघितलं. पडवीतल्या त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा, थेट डोळ्यांत. "पर ही माझी हाय, सर. मला नापास करायला हिला लई जड जातंय."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग दाराशी जाऊन चौगुले नावाच्या एका मुलीला हाक मारली. आत्तीला ती ओळखत नव्हती आणि आत्तीही तिला ओळखत नव्हती. चौगुले आली. आत्तीनं तिच्या हातात गोणी दिली आणि तीस आहेत, मोजून घे, म्हणाली.

मी गोणीवरचा हात काढून घेतला आणि मला रडू फुटलं. आत्तीनं पदराचं टोक माझ्या हातात दिलं. मग आम्ही दोघी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो, आणि आत चौगुले एक, दोन, तीन करत पाकिटं मोजत राहिली.